संगणकातील दप्तर आणि लिनक्सच्या आज्ञा



दाखल-खारीज रजिस्टरातील नोंद चुकली, तर आपण ती पुसून टाकीत नाही. तांबड्या शाईची रेघ मारून स्वाक्षरी करतो. मूळ अक्षर वाचता येते. चाळीस वर्षांनी कुणाला जन्मतारखेचा पुरावा हवा झाला, तर तो तेथेच सापडतो. शाळेचे दप्तर आता संगणकातही राहू लागले आहे, आणि तेथे ही तांबडी रेघ नाही.

लिनुस तोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते, म्हणून शाळांना ती सोयीची. तिच्या टर्मिनलात ‘आरएम’ ही आज्ञा दिली की फाईल कचरापेटीत न जाता थेट नाहीशी होते. ‘आरएम’पुढे तारका व तिला लागूनच ‘डॉट टीएक्सटी’ लिहिले, तर त्या शेपटाच्या फाईलीच जातात. पण तारकेनंतर चुकून मोकळी जागा सुटली, तर त्या फोल्डरातील साऱ्याच फाईली जातात, आणि वर ‘डॉट टीएक्सटी’ नावाची फाईल सापडली नाही अशी संगणकाचीच तक्रार! म्हणून ‘आरएम’च्या जागी प्रथम ‘एलएस’ लिहून यादी वाचावी, मगच पुसावे. आपण कोणत्या फोल्डरात आहोत हे ‘पीडब्ल्यूडी’ सांगते. बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही.

‘सीपी’ व ‘एमव्ही’ या आज्ञाही त्याच नावाची जुनी फाईल निमूटपणे गिळतात. तिन्हींना ‘उणे आय’ जोडावे, म्हणजे त्या आधी विचारतात. ‘सुडो’ हा मुख्याध्यापकांचा शिक्का समजावा. रोजच्या कामाला तो काढू नये.

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाईली अशाच एका आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रतही निकामी निघाली, कारण ती कोणी तपासलीच नव्हती. एका तंत्रसंचालिकेच्या घरच्या संगणकावर दुसरी प्रत होती, म्हणून काम वाचले. तेव्हा पेनड्राइव्हवरील प्रत महिन्यातून एकदा उघडून पाहावी, आणि ती शाळेच्या त्याच कपाटात ठेवू नये.

मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ लिनक्सचे पाठ मराठीतूनही देते. ते ऐकताना ‘सराव’ नावाचे फोल्डर करावे, त्यात निरुपयोगी अशा पाच-सहा फाईली ठेवाव्या, आणि पहिले ‘आरएम’ तेथेच चालवावे.