वाजवी मूल्य म्हणजे काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही शिक्षणाविषयी बोलू अशीच त्यांची अपेक्षा असावी. आमची हयात खडू आणि फळा यांच्या संगतीत गेली. मॅट्रिकनंतर आम्ही थेट अध्यापनाकडे वळलो. हिशेबशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. असे असूनही आज आम्ही विषय निवडला आहे तो कंपन्यांच्या ताळेबंदाचा. हा अधिकार आम्हांस विद्येने दिलेला नाही, ठेच लागून मिळालेला आहे. ती ठेच कोणती, हे ओघाने येईलच.

पूर्वी आपल्या घरातील पुंजी म्हणजे थोडे सोने, टपाल कचेरीचे पुस्तक आणि गावाकडचा जमिनीचा तुकडा. आज घरोघरी शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहेत, आणि आपली मुले ज्या कंपन्यांत नोकरी करतात त्यांचे बरेवाईट आपल्या चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून कंपनी आपल्या मालमत्तेची आणि देण्यांची किंमत कशी मांडते, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे.

जुनी रीत सोपी होती. वस्तू ज्या किमतीस घेतली ती किंमत वहीत लिहावी, यंत्र असल्यास दरसाल घसारा वजा करावा. समजा, एका कंपनीने १९६५ साली ठाण्यास दहा हजार रुपयांस जागा घेतली. वहीत आजही दहा हजारच दिसतील. या आकड्यात खोटे काही नाही, पावती दाखवता येते. परंतु त्यावरून कंपनीची आजची ऐपत कळत नाही. उलट एखाद्या बुडत्या कंपनीचे कर्जरोखे शंभर रुपयांस घेतले असतील आणि आज त्यांस चाळीस रुपयेही कोणी देत नसेल, तर वहीतील शंभराचा आकडा वाचणाऱ्यास फसवतो.

यावर उपाय म्हणून ‘वाजवी मूल्या’ची कल्पना पुढे आली. आपल्या केंद्र सरकारने २०१५ साली जी भारतीय लेखामानके अधिसूचित केली, त्यांतील ११३ क्रमांकाचे मानक याच विषयाचे आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर ते बेतलेले असून, मोठ्या कंपन्यांस ही मानके १ एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. त्याचा आशय साध्या भाषेत असा : मोजणीच्या दिवशी, बाजारातील जाणत्या माणसांत सुरळीत व्यवहार झाला, तर मालमत्ता विकून जी रक्कम हाती येईल, अथवा देणे दुसऱ्याच्या अंगावर सोपविण्यास जी रक्कम मोजावी लागेल, ते वाजवी मूल्य. ‘सुरळीत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सावकार दारात उभा असताना पडेल त्या भावाने विकलेले दागिने, ही वाजवी किंमत नव्हे.

प्रत्येक वस्तूस हे माप लावतात असे मात्र नाही. कारखान्याची यंत्रे बहुधा मूळ किमतीतून घसारा वजा करूनच दाखवितात. भाड्यासाठी राखलेली इमारतही आपल्याकडे मूळ किमतीनेच ताळेबंदात येते आणि तिचे वाजवी मूल्य टिपांत सांगावे लागते. शेअर आणि अनेक प्रकारचे रोखे व करार यांना हे माप विशेषेकरून लागू होते.

आता ही किंमत ठरवावयाची कशी? मानकाने तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर तीच वस्तू खुल्या बाजारात रोज विकली जाते, उदाहरणार्थ, मोठ्या कंपनीचा शेअर. तेथे त्या दिवसाचा भाव घ्यावा, वाद नाही. दुसऱ्या पायरीवर त्याच वस्तूचा भाव मिळत नाही, पण तिच्यासारख्या वस्तूंचे भाव, व्याजाचे दर इत्यादी गोष्टी बाजारात दिसतात. त्यांवरून हिशेब करावा. तिसऱ्या पायरीवर बाजार मुका असतो. तेथे पुढे किती पैसा येईल याचा कंपनीच अदमास बांधते आणि त्यावरून आजची किंमत काढते. पहिल्या पायरीवर बाजार बोलतो. तिसऱ्या पायरीवर कंपनी बोलते. एवढा भेद ध्यानात राहिला, तरी आमचे भाषण सार्थकी लागले असे आम्ही समजू.

आता ती ठेच. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतील काही भाग आम्ही कर्जरोख्यांच्या एका फंडात घातला. व्याज बँकेपेक्षा बरे, एवढेच पाहिले. फंडाने कोणाचे रोखे घेतले आहेत, हे आम्ही वाचले नाही. इतकेच नव्हे, तर आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीसही आम्ही आग्रहाने तेथेच पैसे ठेवावयास लावले. पुढे एका कर्जदार कंपनीची पत ढासळली आणि एका रात्रीत फंडाचे मूल्य खाली आले. आमचा संताप अनावर झाला. “अद्याप हप्ता चुकलेला नाही, मग आमचे पैसे आधीच का कापले?” असा जाब आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास विचारला. तो आज सनदी लेखापाल आहे. त्याने कागद पुढे ओढला आणि एकेकाळी आम्ही त्यास शिकविलेल्या त्रैराशिकाच्या शांतपणाने आम्हांसच गणित घातले.

“गुरुजी, दहा जणांचे प्रत्येकी शंभर, म्हणजे हजार रुपये फंडात आहेत. रोख्यांची खरी किंमत आता सातशे. फंडाने जुनाच आकडा धरला, तर ज्यांस आधी कुणकुण लागली असे पाच जण शंभर-शंभर घेऊन निघून जातील. पाचशे गेले. उरले दोनशे, आणि वाटेकरी पाच. प्रत्येकास चाळीस. खरी किंमत त्याच दिवशी मांडली, तर दहाही जणांस सत्तर-सत्तर.”

आम्ही निरुत्तर झालो. मागे राहणारे पाच जण कोण असतात? ज्यांस बातमी उशिरा कळते ते, म्हणजे आमच्यासारखे म्हातारे, खेड्यातील माणसे, त्या भगिनींसारख्या एकट्या स्त्रिया. त्या मोजणीने आमचे नुकसान केले नव्हते. नुकसान आधीच झालेले होते. मोजणीने ते सर्वांत सारखे वाटले. ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला. पुढे काही रक्कम परत आली, सर्व आली नाही. त्या भगिनींनी आम्हांस कधी एक शब्दही बोलून दाखविला नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागते.

येथवर ऐकून वाजवी मूल्य म्हणजे सत्याचा तराजू, असे कोणास वाटेल. तसे वाटू नये म्हणून दुसरी बाजू सांगतो. एन्रॉन हे नाव महाराष्ट्रास नवे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प उभारणारी ही अमेरिकन कंपनी. तिच्या स्वदेशातील हिशेबाची हकिकत ऐका. १९९२ साली तेथील रोखेबाजाराच्या नियामकाने तिला वायूच्या व्यापारातील करार बाजारमूल्याने मांडण्याची मोकळीक दिली. परिणाम असा की, अनेक वर्षांच्या कराराचा अपेक्षित नफा सही झाली त्याच वेळी वहीत घेता येऊ लागला. अशा दीर्घ करारांस बाजारभाव कोठला? मग कंपनीचाच अदमास तो भाव. २००० साली चित्रपट घरोघरी पोहोचविण्याचा वीस वर्षांचा करार तिने एका कंपनीशी केला, आणि त्यावर अकरा कोटी डॉलरांहून अधिक नफा मांडला. धंदा रुजण्यापूर्वीच, मार्च २००१ मध्ये तो करार मोडला. इतरही लबाड्या बाहेर आल्या आणि २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर केले. तिच्या कित्येक नोकरांची म्हातारपणाची पुंजी त्याच कंपनीच्या शेअरांत होती. तीही मातीमोल झाली.

देण्यांच्या बाबतीत तर याहून चमत्कारिक गोष्ट घडते. कंपनीने शंभर रुपयांचे कर्ज रोखे विकून उभारले. तिची पत घसरली आणि तेच रोखे बाजारात ऐंशीस विकू लागले. देणे बाजारमूल्याने मांडले तर ते ऐंशीच ठरते, आणि वहीत वीस रुपयांचा लाभ दिसतो. म्हणजे पत गेली आणि नफा झाला! म्हणूनच आजच्या मानकांप्रमाणे, कंपनीने स्वतः निवडून असे देणे वाजवी मूल्याने मांडले असेल, तर स्वतःच्या घसरलेल्या पतीतून होणारा हा लाभ सामान्यतः नफातोट्यात न घेता वेगळा दाखवावा लागतो.

मग जुनी रीत बरी की नवी? आमच्या अल्पमतीप्रमाणे दोहोंची कामे निरनिराळी आहेत. मूळ किंमत सांगते की काय दिले. वाजवी मूल्य सांगते की आज काय मिळेल. आज मिळेल म्हणजे हातात आले, असे मात्र नव्हे. आंब्याला मोहोर किती आला हे पाहून कोणी पेट्यांचे पैसे खर्च करीत नाही.

तेव्हा आपल्या घरी कंपनीचा वार्षिक अहवाल आला, तर तो रद्दीत टाकण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलामुलींस जवळ बसवून तीन प्रश्न विचारावेत. नफ्यापैकी रोकड हाती किती आली आणि केवळ भाव वाढल्याने किती दिसते? वाजवी मूल्याने मांडलेल्या मालमत्तेपैकी तिसऱ्या पायरीवर किती आहे? आणि त्या पायरीवरचा अदमास कोणत्या गृहीतांवर बांधला आहे? ही उत्तरे टिपांत द्यावी लागतात. अक्षर बारीक असते, एवढेच. आम्ही हे तीन प्रश्न वेळीच विचारले नाहीत, आणि त्याची झळ आमच्या शब्दावर विसंबलेल्या एका माउलीस लागली. आपणांपैकी कोणावर तशी वेळ न येवो, एवढीच परमेश्वरचरणी प्रार्थना.