दे धक्का, पण गाडी कुठे आहे?

जामच्या चौरस्त्याजवळून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज पापड-लोणच्याचं नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज एका सिनेमाबद्दल बोलायचं आहे, कारण त्यावरून गटाच्या बैठकीत चांगली जुंपली आणि ती अजून मिटलेली नाही.

सिनेमा तुम्हाला माहीत आहे. ‘दे धक्का’. २००८ साली आला, अतुल काळे आणि सुदेश मांजरेकर यांनी केलेला. मकरंद जाधव नावाचा माणूस गाडीचं पेट्रोल वाचवणारा पार्ट शोधून बसलाय आणि घरात पैसा नाही. त्याची मुलगी सायली हिची नाचाच्या स्पर्धेसाठी निवड होते. स्पर्धा मुंबईत. मग म्हातारा बाप, बायको सुमती, मेव्हणा धनाजी, दोन लेकरं असं सगळं बिऱ्हाड एका खटारा टमटममध्ये बसून निघतं. गाडी धक्का दिल्याशिवाय चालू होत नाही. मूळ कल्पना अमेरिकेतल्या ‘लिटल मिस सनशाईन’ या सिनेमावरून घेतलेली, पण मकरंद अनासपुरे, शिवाजी साटम, सिद्धार्थ जाधव यांनी ती अशी केली की ही माणसं आपल्याच वाड्यातली वाटावी.

आमचं गाव नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं. इथूनच वरोरा-चंद्रपूरकडे रस्ता फुटतो. बंद पडलेली गाडी आम्हाला नवी नाही. एकदा समुद्रपूरला बँकेच्या कामाला जाताना आमची काळीपिवळी रस्त्यातच थांबली. भर उन्हात आम्ही नऊ बायांनी पदर खोचून ती ढकलली, आणि कोणीतरी ओरडलं, ‘दे धक्का!’ तेव्हापासून गटात कुठलंही काम अडलं की हेच म्हणतो. टीव्हीवर तो सिनेमा लागला की आजही शेजारणीला हाक मारली जाते.

म्हणून ५ ऑगस्ट २०२२ ला दुसरा भाग येणार म्हटल्यावर आम्ही आनंदलो. हिंगणघाटला जाऊन पाहायचं ठरलं होतं, पण निंदणाचे दिवस, कोण जाणार? पुढे कधीतरी एकीच्या मुलाने मोबाईल टीव्हीला जोडून दिला. शेंगा भाजून, चहा करून आम्ही बसलो.

आणि पाहतो तर जाधव मंडळी लंडनमध्ये! मकरंद आता श्रीमंत झालाय, त्याच्या शोधाचा तिथे सन्मान होणार आहे. माणसं बहुतेक तीच. सिद्धार्थ जाधव आला की हसू येतं, ते खोटं कशाला बोलायचं? पण अर्ध्या तासात एकजण वाती वळायला लागली, दुसरी उठून गाईला पाणी दाखवून आली. पहिल्या वेळी आम्ही लघवीलासुद्धा उठलो नव्हतो.

इथेच भांडण झालं. आमच्यातली एक म्हणाली, “गरिबानं जन्मभर गरीबच राहायचं का? जाधवाच्या बायकोनं लंडन पाहिलं तर तुमच्या पोटात का दुखते?” प्रश्न खरा होता. सगळ्या गप्प झालो. आम्हालाही विमानात बसायचं आहेच की.

मग आमच्या अध्यक्ष ताई बोलल्या, “लंडनला गेले ते चांगलंच झालं. पण मधली चौदा वर्षं कुठे गेली?” तेव्हा आमच्या ध्यानात आलं की आपल्याला खुपतंय ते हेच. तो पार्ट पहिल्यांदा कोणी घेतला? भांडवल कोणी दिलं? बँकेनं किती चकरा मारायला लावल्या? त्या दिवसांत सुमतीनं घर कसं चालवलं, गळ्यातलं काही गहाण ठेवलं का? आमच्या मसाल्याच्या पाकिटांना अजून तालुक्याबाहेर गिऱ्हाईक मिळत नाही. आम्हाला तीच गोष्ट पाहायची होती. सिनेमानं ती सोडून दिली आणि आम्हाला थेट परदेशात नेऊन उतरवलं.

दुसऱ्या भागाशी आमचं वैर नाही, बरं का. ‘नवरा माझा नवसाचा’ मध्ये एस.टी. होती, २०२४ च्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वे आली. अशोक सराफ कंडक्टरचे टी.सी. झाले. पण गाडी बदलली तरी जायचं होतं गणपतीपुळ्यालाच, आणि प्रवासी आपल्यासारखेच होते. तिथं आम्हाला परकं वाटलं नाही.

लंडनची बाजू घेणारी आमची मैत्रीण अजून ऐकत नाही. ती म्हणते, तुम्हाला फक्त रडकं आवडते. तर येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पहिला भाग पुन्हा लावायचा ठरलं आहे, तिच्याच घरी. टीव्ही तिचा मोठा आहे. शेंगा आम्ही नेणार.