सीट बदलायची की फोम?

आजचा विषय आहे बाईकची सीट. मी कुरिअरच्या कामावर रोज 80-90 किलोमीटर गाडी चालवतो. माकडहाड दुखायला लागलं की डिलिव्हऱ्या कमी होतात आणि त्याबरोबर पैसेही. त्यामुळे हा खर्च मी हौशेत धरत नाही.

सीटमध्ये असतं काय? खाली बेस, मध्ये फोम, वर रेक्झिनचं कव्हर. बेस धड असेल तर अख्खी नवी सीट घेऊ नका. हूक आणि लॉक त्या बेसलाच नीट बसतात. अंगठ्याने जोरात दाबून बघा. खालचा बेस हाताला लागला, तर फोम गेला समजा. मग नुसतं कव्हर बदलून दुखणं जात नाही.

दुकानात मऊ फोम छान वाटतो हो, पण थोड्या वेळात माणूस त्यात रुततो आणि परत बेसवरच येतो. म्हणून खाली कडक फोम आणि वर मऊ, पातळ थर सांगा. सीट पुढे उतरती असेल तर तेवढी सपाट करून घ्या, म्हणजे ब्रेक मारला की टाकीवर घसरायला होत नाही.

माझी उंची बेताची. मी मांडीकडच्या कडा छाटून घेतल्या, त्यामुळे सिग्नलला दोन्ही पाय टेकतात.

कव्हरखाली प्लास्टिकचा कागद मात्र घालायलाच लावा, कारण पावसाचं पाणी शिलाईतून आत शिरतं. आणि स्टेपल मारायच्या आधी एकदा गाडीवर बसून बघा. फोम छाटायचा राहिला असेल तर तेव्हाच सांगता येतं.

चला, भेटू पुढच्या भागात!