गाडीतला बोलका रेडिओ



ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम पडतो, त्या दिवशी मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते आणि फोन मात्र लागत नाही. टॉवर जागेवर असतो, वीजही असते; पण लाखो माणसं एका गावात उतरल्यावर तो टॉवर तरी किती जणांना पुरा पडणार? दिंडीचं सामान घेऊन ट्रक पुढं तरडगावच्या वाटेला लागलेला, पाण्याचा टँकर मागं कुठं अडकलाय ते कळत नाही, आणि दिंडीप्रमुख चालता चालता दोघांनाही फोन लावतायत.

२०१९च्या ऑगस्टमधली अडचण वेगळी होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे; त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर, आणि पाण्यातून डिझेल घेऊन कुणी पोचलं नाही की तोही बंद पडतो. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ जवळजवळ आठवडाभर बंद होता. माल भरलेले ट्रक वाटेत जिथं होते तिथं थांबून राहिले, आणि पुढं काय चाललंय ते चालकांना कळायला मार्ग नव्हता.

दोन्ही प्रसंगी कामाला येईल असं एक जुनं साधन आहे. गाडीत बसवायचा, ऐकायचाही आणि बोलायचाही रेडिओ. मधे ना टॉवर, ना कंपनी, ना रिचार्ज. एका गाडीतून निघालेली लहर थेट दुसऱ्या गाडीत. त्यातला सर्वांत साधा प्रकार म्हणजे सिटिझन्स बँड, थोडक्यात सीबी.

अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सामान्य नागरिकांसाठी खुला झाला. १९७३च्या तेलटंचाईत तिथल्या ट्रकचालकांनी तो डोक्यावर घेतला. कुठल्या पंपावर डिझेल आहे, पोलीस कुठं उभे आहेत, सगळं एकमेकांना सांगत गाड्या पळायच्या. १९ नंबरचं चॅनेल ट्रकवाल्यांचं, ९ नंबरचं संकटासाठी, अशी वहिवाट पडली. आपल्याकडं ती लाट आली नाही. १९३३च्या कायद्यानं बिनतारी संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागे. तुमच्यातल्या थोरल्या मंडळींना आठवत असेल, ऐंशीच्या दशकापर्यंत घरातल्या साध्या रेडिओचासुद्धा परवाना पोस्टात जाऊन काढावा लागायचा. मग बोलायच्या रेडिओची काय कथा!

आज तसं नाही. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, पाच वॅटच्या आत, सीबी वापरायला आपल्या देशात परवाना लागत नाही. अट अशी की आपल्यामुळं दुसऱ्याला त्रास होता कामा नये, आणि दुसऱ्याचा आपल्याला झाला तर तक्रारीला जागा नाही. संच मात्र दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता असलेलाच हवा. इथं एक मेख आहे. बाहेरून येणारे बहुतेक संच चाळीस चॅनेलचे असतात. आपला पट्टा २७.२८३ला संपतो, आणि २८ नंबरचं चॅनेल आहे २७.२८५वर. म्हणजे पहिली सत्तावीस चॅनेल आपली. पुढची तेरा संचावर दिसली तरी बटण तिकडं फिरवायचं नाही. ऑनलाइन बाजारात स्वस्तातले वॉकीटॉकी मिळतात त्यांचीही तीच गोष्ट. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले परवान्याविना चालतात, पण विकणारा फोटो छान देतो आणि नेमकी फ्रिक्वेन्सी सांगत नाही, असं इतकं होऊ लागलं की २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्याबद्दल वेगळे नियम काढावे लागले.

आता माझं मत सांगतो. परवानगी मिळेपर्यंत मोबाइल सगळ्यांच्या खिशात येऊन बसला होता. त्यामुळं आज तुम्ही एकट्यानं संच बसवून कऱ्हाडहून पेठ नाक्यापर्यंत १९ नंबर लावून गेलात, तर खरखरीशिवाय काही ऐकू येईल याची खात्री नाही. एकट्याचा सीबी म्हणजे पैसे पाण्यात. घ्यायचा तर गटानं घ्या. दिंडीचे ट्रक-टँकर, एका टोळीचा ऊस ओढणारे चार-सहा ट्रॅक्टर, घाटातून एकत्र जाणाऱ्या जीपा. ऊसवाल्यांना तर याचा फार उपयोग आहे. फडातला चिटबॉय, वाटेवरचा ट्रॅक्टर आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लावून थांबलेला गडी, हे तिघं एका चॅनेलवर असले की निम्म्या खेपांचा खोळंबा वाचेल.

बसवायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बिघाड तिथंच होतो. संच डॅशबोर्डखाली पट्टीनं घट्ट कसायचा. वीज सिगारेट लायटरच्या खोबणीतून घेऊ नका. सरळ बॅटरीपासून दोन तारा आणा आणि लाल तारेत बॅटरीच्या जवळच फ्यूज टाका. चार वॅटचा सीबी दोन अँपिअरच्या आतबाहेर घेतो, त्यामुळं बॅटरीवर फार भार नाही. ट्रकवाल्यांनी मात्र कान देऊन ऐका. कार, जीप आणि बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतात, पण ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. संच थेट २४ला लावला की जळालाच. काही वायरमन शक्कल लढवतात आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतात. तेही नको, एक बॅटरी कमी-जास्त चार्ज होत राहते आणि दोन्ही लवकर मरतात. २४चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो घ्या.

संचापेक्षा महत्त्वाचा अँटेना. आकाशवाणीच्या सांगली केंद्राची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झची, म्हणजे लांबी सुमारे २४० मीटर. म्हणून तिला उंच मनोरा लागतो. सीबीची लहर अकरा मीटरची. तिचा पाव हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फुटांची काठी. एवढी काठी गाडीवर घेऊन गावातल्या आंब्याखालून कोण जाणार? म्हणून बुडाशी तारेचं वेटोळं घालून काठी तीन-चार फुटांवर आणतात. त्यात थोडी ताकद जाते, ती जाऊ द्यायची. ही काठी टपाच्या मधोमध हवी, कारण टपाचा पत्रा हा अँटेनाचाच दुसरा अर्धा भाग असतो. बंपरच्या कोपऱ्यात लावलात तर एका दिशेला आवाज जाईल आणि दुसऱ्या दिशेला जाणार नाही. लोहचुंबकाचं बूड असलेला अँटेना सोयीचा. ट्रॅक्टरला टप नसतो, तिथं बॉनेटचा पत्रा चालतो. केबल दारात चिरडू देऊ नका.

मग स्टँडिंग वेव्ह मीटर लावून बघायचं. संचातून गेलेली ताकद अँटेनातून बाहेर पडते की परत संचातच येते, ते हा मीटर सांगतो. काटा दीडच्या आत असला तर उत्तम, दोनपर्यंत चालेल, तीनच्या वर असेल तर बटण दाबूच नका, संच जायचा. आधी १ नंबरवर मोजा, मग २७ नंबरवर. १ नंबरवर आकडा जास्त आला तर काठी आखूड पडतेय, थोडी वर ओढा. २७ नंबरवर जास्त आला तर लांब झालीय, खाली सारा. हे काम मोकळ्या रानात, गाडीची दारं लावून करायचं. गॅरेजच्या पत्र्याखाली मोजलेला आकडा काही उपयोगाचा नाही.

डिझेल गाडीला ठिणगीचे प्लग नसतात, त्यामुळं पेट्रोल गाडीपेक्षा खरखर कमी येते. इथं ट्रॅक्टरवाला कारवाल्याच्या पुढं आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर ती डायनामोची. तारा बॅटरीपासून सरळ आणल्या असतील तर ती फारशी त्रास देत नाही. उरलेल्या खरखरीसाठी स्क्वेल्चचं बटण असतं. खरखर थांबेल तिथपर्यंतच ते फिरवा. त्यापुढं गेलात तर लांबून येणारा हलका आवाजही गडप होईल.

किती लांब जाईल हे सगळे विचारतात. फलटण-लोणंदच्या सपाटीवर गाडी ते गाडी पाच-सात किलोमीटर धरा. कुंभार्ली किंवा आंबेनळीच्या घाटात वळणं आली की दोन किलोमीटरही पुष्कळ झाले. पण ज्या वळणावर मोबाइल मुका होतो तिथं दोन किलोमीटरवरचा माणूस ‘समोरून मोठी गाडी येतेय, वर थांबा’ एवढं सांगू शकला तरी काम झालं. गंमत अशी की सूर्यावर डाग वाढलेले असतात त्या वर्षांत हीच २७ मेगाहर्ट्झची लहर आकाशातल्या थरांवरून परतते आणि हजारो किलोमीटर लांबचा परका आवाज तुमच्या फडात ऐकू येतो. वाईचा माणूस लागत नाही आणि दुसऱ्या खंडातला लागतो! ऐका, पण उत्तर देत बसू नका.

बोलायची रीत. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. घाईत पहिला शब्दच कापला जातो. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं, मग जागा, मग निरोप, शेवटी ‘ओव्हर’. जागेचं नाव दोनदा घ्या आणि जवळची खूण जोडा. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत पाटण आणि फलटण आहेत, शिराळा आणि शिरवळ आहेत. खरखरीत दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि गाडी भलतीकडंच जाते. आणि माइक चालकाच्या हातात द्यायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात, गाडी चालवताना हातातलं संपर्कसाधन वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. बोलायचं काम क्लीनरचं. त्यालाच शिकवा, तो लवकर शिकतो.

महापुरासाठी मात्र सीबी तोकडा. त्यासाठी हॅम, म्हणजे हौशी रेडिओ. याला परीक्षा आहे, परवाना आहे, आणि व्ही-यू-टू किंवा व्ही-यू-थ्री अशा अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची हाक आहे. राजीव गांधी यांनाही असा परवाना होता. त्यांची हाक व्ही-यू-टू-आर-जी. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही परीक्षेला बसता येतं. थोडा वायरलेसचा अभ्यास आणि नियम, एवढाच विषय. एकच बंधन लक्षात ठेवा, हॅमवर धंद्याचं बोलणं चालत नाही. उसाच्या खेपा तिथं बोलायच्या नाहीत, त्यासाठी सीबी. संकटात मात्र हॅमवाल्यांचं काम मोठं. किल्लारीचा १९९३चा भूकंप, भूजचा २००१चा, दोन्ही ठिकाणी त्यांनी निरोप पोचवले. २००४च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगानं अंदमानात हॅम संच घेऊनच होते. बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेला असताना त्यांचा आवाज मुख्य भूमीपर्यंत जात होता.

हॅमचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा सरळ रेषेत जातो. त्याला उंची लागते, आणि उंची आपल्याकडं भरपूर आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा उगाच बांधलेला नाही. सांगलीकडं सागरेश्वरचा डोंगर आहे, मच्छिंद्रगड आहे, मिरजेच्या बाजूला दंडोबा आहे. सागरेश्वरवर उभं राहिलं की कृष्णेचं खोरं समोर पसरलेलं दिसतं. जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत पाच वॅटचा हातातला संचही बोलतो. गाडीत पन्नास वॅटचा संच बसवलात तर दहा-बारा अँपिअर लागतात, तेव्हा तारा जाड घ्या.

नदीकाठच्या ज्या गावांना दर पावसाळ्यात धास्ती असते, तिथल्या दोघातिघांनी तरी ही परीक्षा द्यावी असं मला वाटतं. शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, एखादा वायरमन, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मुलगा. परवाना हातात यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पाऊस ओसरल्यावर लगेच करावा. आणि मग मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी यायच्या आधी, एक गाडी सागरेश्वरवर चढवून प्रत्येक गावातून बोलून बघायचं, कुठल्या गावातल्या कुठल्या गच्चीवरून आवाज पोचतो आणि कुठून पोचत नाही, ते कागदावर लिहून ग्रामपंचायतीत लावायचं.