नाममुद्रा हरवलेली गाणी

(अकादमीच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



मी लेखक नाही आणि गायकही नाही. फोंड्याच्या बाजारात मी तेवीस वर्षे कॅसेटींचे दुकान चालवले. मोबाइल आणि ब्रॉडबँडमुळे संगीताच्या व्यवसायात काय बदलले यावर बोलायला अकादमीने मला बोलावले, तेव्हा मी म्हटले, या बदलात ज्याचे दुकान बंद पडले त्यालाच तुम्ही बोलावता आहात! पण मी दुकानाचे गाऱ्हाणे घेऊन आलेलो नाही. दुकाने उघडतात, बंद होतात. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायला आलो आहे. तीच चूक आज फार मोठ्या प्रमाणावर होते आहे आणि ती दुरुस्त करणे तुमच्यासारख्या लिहित्या माणसांना जमण्यासारखे आहे.

दुकान मी १९८६ साली काढले. एका फळीवर भजने, अभंग आणि नाट्यगीते, दुसऱ्या फळीवर कोकणी तियात्रांच्या कॅसेटी, खालच्या खणात कोऱ्या कॅसेटी. चवथीच्या आधीचा महिना सगळ्यांत कमाईचा. माटोळीच्या सामानाबरोबर आरत्यांची कॅसेटही घरी जायची. प्रत्येक कॅसेटच्या डबीत घडी घातलेला एक कागद असे. गाण्यांची नावे, गायक, गीतकार, संगीतकार, कधी तबला-पेटीचे साथीदार, सगळे त्यावर छापलेले. अक्षर इतके बारीक की वाचायला दारापाशी उजेडात यावे लागे. पण नावे असत.

दुकानाचा दुसरा धंदा आवडीची गाणी भरून देण्याचा. गिऱ्हाईक यादी आणून देई, मी साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवून देई. कायद्यात हे बसत नाही हे तेव्हाही ठाऊक होते; बाजारात सगळेच करत, मीही केले. वरच्या पट्टीवर बॉलपेनने गाण्याचे पहिले दोन शब्द आणि गायकाचे नाव लिहायचो. गीतकाराचे नाव लिहायला जागा नाही, असे स्वतःला सांगायचो. जागा होती.

पुढे मोबाइल आले. मी दारावर पाटी लावली : ‘फोनमध्ये गाणी भरून मिळतील’. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि मेमरी कार्डात भरून देऊ लागलो. कॅसेटच्या पट्टीवर निदान गायक तरी असे. आता फाइलचे नाव ‘ट्रॅक ०७’ नाहीतर ‘भजन नवीन’. मग लोकांना इंटरनेटवरून थेट फोनमध्ये गाणी मिळू लागली आणि २००९ साली मी दुकान बंद केले.

तीन वर्षांपूर्वी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी माझ्या घरी आली. तिने फोनवर एक भजन लावले आणि विचारले, “काका, हे कोणी लिहिलंय सांगू शकाल? सगळीकडे शोधलं, कुठेच नाव नाही.” गायकाच्या जागी ज्याने ते गाणे चढवले त्याच्या वाहिनीचे नाव होते. गीतकाराची जागा कोरी. मी ऐकत होतो. दुसऱ्या कडव्यात आवाज क्षणभर खाली जातो आणि पुन्हा वर येतो. मला घाम फुटला. तो माझ्या टेपडेकचा दोष होता. म्हणजे ते गाणे माझ्याच दुकानातून, नावाशिवाय, बाहेर पडले होते.

आमच्याच तालुक्यातल्या एका भजनी मंडळाने १९९४ साली स्वखर्चाने काढलेली ती कॅसेट. प्रती पाचशे. त्यांतल्या ऐंशीएक मी विकल्या. माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला, तर त्यात तो कागद सापडला. गीतकार एक प्राथमिक शिक्षक, आता हयात नाहीत. मी आणि ती मुलगी त्यांच्या घरी गेलो. वडिलांचे भजन फोनवर हजारो लोक ऐकतात, हे त्यांच्या मुलीला माहीतच नव्हते. ऐकून त्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी अगदी सरळ प्रश्न विचारला : “ह्याचे कोणाला पैसे मिळतात?” मला उत्तर देता आले नाही. त्या घराने आता नोंदणीची खटपट सुरू केली आहे. ती पुरी होईपर्यंत नाव जाहीर घेऊ नका, असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून आज मी ते घेत नाही. पण त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी शोधले. जे कळले ते सांगतो.

कॅसेटच्या काळात पैसा विक्रीच्या वेळी, एकदाच मिळे. घरी नेऊन तुम्ही ती एकदा ऐका की शंभरदा, हिशेब तोच. आता वस्तू विकली जात नाही, ऐकणे मोजले जाते. वर्गणीचा आणि जाहिरातींचा पैसा एकत्र जमा होतो आणि कोणते गाणे किती वेळा ऐकले गेले त्या प्रमाणात, ढोबळमानाने, त्याची वाटणी होते. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले असे धरतात. शिवाय २०२४पासून, मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल तर त्या ध्वनिमुद्रणाला मानधनच नाही. गावच्या भजनी मंडळाला हा उंबरठा उंच आहे.

वाटणी दोन अंगांनी होते. एक अंग ध्वनिमुद्रणाचे : ज्याने खर्च करून गाणे मुद्रित केले त्याचे. दुसरे अंग रचनेचे : शब्द आणि चाल यांचे. दोहोंसाठी जगभर दोन वेगळे क्रमांक वापरले जातात. मुद्रणाचा आयएसआरसी, रचनेचा आयएसडब्ल्यूसी. एकच पद चार गायकांनी गायले तर मुद्रणे चार, पण रचना एकच, आणि चारही ठिकाणांहून कवीचा वाटा त्या एका रचनेकडे यायला हवा. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांनी गाणे कंपनीला दिले तरी त्याच्या पुढच्या वापरातल्या मानधनाचा समान वाटा त्यांचाच राहतो, तो लिहून घेता येत नाही, असे तीत म्हटले आहे. हा हक्क कवीच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. असे मानधन गोळा करून वाटण्यासाठी १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, आहे.

म्हणजे कायदा आहे, संस्था आहे, मोजणीही आहे. अडते कुठे? कोऱ्या जागेवर. यंत्र पैसे पाठवते ते नोंदीत लिहिलेल्या नावाला. जिथे नाव नाही तिथे हक्क असूनही पैसा पोचत नाही. पूर्वी नाव वगळणे हा कवीचा अनादर होता. आता तो अनादर तर आहेच, शिवाय ते त्याच्या घरचे नुकसानही आहे.

आपल्या परंपरेला ही गोष्ट फार आधी कळली होती. छापखाने नव्हते, अभंग तोंडोतोंडी जात होते, तेव्हा संतांनी आपले नाव शेवटच्या चरणात विणून ठेवले. तुकोबांनी, नामदेवांनी, पेडणे-बांद्याच्या मुलखातल्या आपल्या सोहिरोबानाथांनीही. नाव काढायचे तर ओळच मोडावी लागते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपल्यावर त्यांनी स्वतःच्या तोंडाने, इंग्रजीत, आपले नाव सांगितले. तबकड्या तयार होणार होत्या जर्मनीत. तिथल्या कामगारांना ही गायिका कोण हे कळायला हवे होते. नाव आवाजातच ठेवले, म्हणून ते शंभर वर्षे टिकले.

तबकडीवर लेबल असे, पुढे कॅसेटला कागद आला आणि आपण निर्धास्त झालो. फोनने कागद काढून टाकला. आता गाण्याबरोबर जाते ती फक्त चार-दोन रकान्यांची नोंद, आणि ती भरणारा माणूस कोण, तर माझ्यासारखा घाईतला दुकानदार.

मोठी नावेही यातून सुटलेली नाहीत. ‘मत्स्यगंधा’ हे नाटक १९६४चे. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, नाटक आणि पदे वसंत कानेटकरांची, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे, गायकांत रामदास कामत. गोव्याचा केवढा ठेवा! त्यातली पदे मी घरच्या फोनवर वेगवेगळ्या ठिकाणी ऐकली. बहुतेक ठिकाणी एकच नाव दिसले, गायकाचे. एके ठिकाणी पदाच्या नावापुढे नुसते ‘जुने मराठी’.

भाषेच्या अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. या नोंदी बहुधा रोमन लिपीत भरल्या जातात. रोमन लिपीत आपला ‘ळ’ आणि ‘ल’ एक होतो, ‘ण’ आणि ‘न’ एक होतो. काळे आणि काले एकाच अक्षरांत लिहिले जातात, आणि एकाच कवीचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले गेले की यंत्राला ते तीन कवी वाटतात. भाषेच्या रकान्यात मराठी भजनापुढे ‘हिंदी’ किंवा ‘भक्ती’ लिहिलेलेही मी पाहिले आहे. मग मराठी गाणी शोधणाऱ्याला ते सापडणार कसे?

यावरून मी फोनचा शत्रू आहे असे समजू नका. पाचशे प्रतींच्या पलीकडे जे भजन गेले नसते, ते आज आखातात, लंडनला, लिस्बनला गेलेल्या आपल्या माणसांच्या स्वयंपाकघरात वाजते आहे. माझ्या शेजारच्या गायनशिक्षिका परदेशातल्या मुलींना फोनवरून शिकवतात. आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतो, त्यामुळे दोघींना एकत्र गाता येत नाही. एकीने म्हणायचे, थांबायचे, मग दुसरीने म्हणायचे. पण शिकवणी चालते आणि त्यांचे घरही चालते. गावात बसून पेटीवादक आपला भाग मुद्रित करतो आणि पुण्याच्या स्टुडिओला पाठवतो. हे कॅसेटला कधीच जमले नसते.

तेव्हा करायचे काय? मला सुचते ते अगदी साधे आहे.

शिक्षकांना माझी विनंती : येत्या चवथीला मुले गावी जातील तेव्हा त्यांना एक काम द्या. घरातल्या माळ्यावर, कपाटात ज्या कॅसेटी असतील त्यांच्या आतल्या कागदांचे फोटो काढून आणा. टेप खराब झाली असेल तरी हरकत नाही, कागद हवा. प्रत्येक गाण्यामागे पाच गोष्टी लिहा : शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, साथ कोणाची, साल कोणते. नावे देवनागरीत लिहा आणि त्याशेजारी एकच ठरावीक रोमन रूप लिहा. अकादमीने त्या नोंदी तपासून सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. कवींनो, तुमचे गीत कोणी मुद्रित करणार असेल तर मानधनाची बोलणी होतीलच, पण गीतकाराचा रकाना भरल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि संस्थेकडे रचनेची नोंदणी करा. आणि विद्यार्थीमित्रांनो, एखादे जुने गाणे पुढे पाठवताना खाली कवीचे नाव लिहा. त्याला दहा सेकंद लागतात.

मी माझ्यापुरते सुरू केले आहे. माझ्या पत्र्याच्या डब्यात दोनशे चौदा कागद निघाले. रोज दुपारी चहानंतर पाच कागद उतरवतो. काहींची शाई पुसट झाली आहे, तिथे अजूनही दारापाशी उजेडात जाऊन बसावे लागते. डब्यातले पहिले भजन कोणाचे ते आता मला माहीत आहे, आणि त्यांच्या मुलीलाही. ते फोनच्या पडद्यावर दिसेल त्या दिवशी मी पुन्हा इथे येईन आणि तुम्हांला त्यांचे नाव सांगेन.