सरोवर जगाचं, नाली आपली

मी लोणार नगर परिषदेची निवडणूक लढवतेय, महिला राखीव जागेवरून. दारोदार फिरताना पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, सरोवराचं काय करणार?"

खरं सांगते. सरोवर अभयारण्यात येतं, कारभार वन विभागाचा. 2020 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. नगरसेविकेच्या सहीने तिथला दगडही हलत नाही. पण गावाचं सांडपाणी सरोवरात जातं, हा वाद थेट नागपूर खंडपीठापर्यंत गेला. आणि नाल्या, सांडपाणी, कचरा ही कामं 1965 च्या कायद्याने नगर परिषदेचीच!

म्हणून "सरोवर वाचवीन" असं मी म्हणत नाही. प्रक्रिया न झालेलं पाणी खाली का जातंय, हे प्रत्येक सभेत विचारीन आणि मिळालेलं उत्तर प्रभागात येऊन सांगीन. घरचे म्हणतात, "रस्ता दिसतो, नाली कोणाला दिसते? मतं जातील." जाऊ देत.

आपल्या प्रभागात दोन नगरसेवक आणि वर नगराध्यक्ष, म्हणजे तीन मतं. मला द्या, नका देऊ. पण बटण दाबण्याआधी प्रत्येक उमेदवाराला नालीचं विचारा.