काचतंतूचा हिशेब
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शस्त्रक्रियागृहातील यंत्राविषयी बोलण्याचा माझा अधिकार नव्हे. तरीही मुतखडा फोडणाऱ्या लेसरविषयी बोलणे भाग आहे, कारण त्यातील एका चुकीचा धनी मीच आहे.

आपल्याकडील होल्मियम लेसरची तरंगलांबी सुमारे २,१०० नॅनोमीटर. हा अदृश्य प्रकाश पाणी चटकन शोषून घेते. म्हणून खड्याला टेकलेले टोक खडा फोडते आणि जरा अंतरावरील मूत्रवाहिनीची भिंत सुरक्षित राहते. ही ऊर्जा दुर्बिणीतून आत नेणारा काचतंतू शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक असतो.

मग तंतूच कसा फुटत नाही, असे मी शल्यविशारदांना विचारले. उत्तर माझ्याच व्यवसायातले निघाले. एक ज्यूल ऊर्जा १० नॅनोसेकंदांत, म्हणजे एकरकमी दिली, तर शक्ती १० कोटी वॅट होते आणि काचेचे तोंड तडकते. तीच ऊर्जा ३५० मायक्रोसेकंदांत, जणू हप्त्यांनी दिली, की शक्ती तीन किलोवॅटच्या आत राहते व काच ती सोसते. कारखान्यांत वेल्डिंगसाठी निओडिमियम याग लेसरचे मिलिसेकंदांचे स्पंद तंतूतून नेतात, तेही याच हिशेबावर.

मात्र काच स्वच्छ असेल तोवरच हा हिशेब जुळतो. पुन्हा वापरता येणारे तंतू घेतले तेव्हा जोडणीचे तोंड तपासण्याचे लहान सूक्ष्मदर्शक मी खरेदीच्या यादीतून वगळले. ताळेबंदात ती कपात शोभूनही दिसली. पुढे एके दिवशी जोडणीवरील धुळीच्या कणाने ऊर्जा शोषली, तंतू तेथेच जळाला आणि यंत्रातील संरक्षक काच काळवंडली. राखीव काच नव्हती. एका शेतमजूर भगिनीचा खडा अर्धवट फुटलेला असताना मूत्रवाहिनीत नळी ठेवून शस्त्रक्रिया थांबवावी लागली. त्यांना पुन्हा भूल घ्यावी लागली. दुसऱ्या वेळचे शुल्क आपण घेतले नाही. बुडालेली मजुरी मात्र भरून देता आली नाही.

आता सूक्ष्मदर्शक आहे, राखीव काचही आहे. प्रत्येक तंतूला नोंदवहीत स्वतंत्र पान आहे: किती वेळा वापरला, झिजलेले टोक किती कापले, कोणी तपासला. परिचारिकेने बाद ठरविलेला तंतू प्रशासकाने परत वापरात आणू नये, हा नियम मीच लिहून दिला आहे. बाद तंतूंची रक्कम यंदा खर्चाच्या बाजूस वेगळी दाखविली आहे. सभासदांनी ती अवश्य पाहावी.